मीठ टाकल्यावर विझलेला दिवा

खंबाटकी घाट चढताना गाडीने तीनदा ‘टिंग’ केलं आणि डॅशबोर्डवर लाल दिवा मिचमिचायला लागला. पाण्यात उभा केलेला थर्मामीटर, ते चिन्ह. म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कूलंट, तापलंय नाहीतर कमी झालंय. नोव्हेंबरची संध्याकाळ, पुढे सळया भरलेला ट्रेलर, मागे हॉर्नवरचा हात न काढणारी एक खासगी बस. लेकीला पुण्यात सोडून मी एकटीच साताऱ्याला परतत होते. टेंपरेचरच्या काट्याकडे बघितलं तर तो नव्वदवर, रोजच्या जागी, मधोमध. म्हणजे दिवा म्हणतोय मेलो आणि काटा म्हणतोय मजेत आहे.

जरा रुंद जागा दिसली तशी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. कूलंटची टाकी म्हणजे लहान कलिंगडाएवढा प्लास्टिकचा गोळा. नवी होती तेव्हा दुधी पांढरी होती, आता चहाच्या गाळणीचा रंग आलाय. मोबाइलचा टॉर्च मागून धरला की आतली पातळी दिसते. ती मिन आणि मॅक्सच्या मधे, उलट मॅक्सच्याच जवळ होती. टोपणाला अर्थातच हात लावला नाही. गरम टाकीचं टोपण फिरवणं म्हणजे वाफ जायच्या आत कुकरचं झाकण ओढणं. वीस मिनिटं थांबले. किल्ली फिरवली, दिवा गेला. सुरूरपर्यंत गप्प राहिला, तिथे पुन्हा टिंग टिंग टिंग.

गाडीबद्दल दोन शब्द. २००८ च्या फेब्रुवारीत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घेतलेली डिझेल सेडान. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, सोळा-सतरा वर्षांची गाडी कुरकुरते हा काही कंपनीचा गुन्हा नव्हे. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत नेऊन पाच हजार फी, वर हरित कर भरून पाच वर्षांचं आयुष्य वाढवून आणलं. घरात तेव्हा दोन तट पडले होते. मी आणि अण्णा एका बाजूला, बाकी सगळे शहाणे दुसऱ्या. त्यामुळे गाडीने आवाज केला की तो मला वैयक्तिक लागतो.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मिस्त्रींकडे गेले. त्यांनी टाकीत डोकावलं, बोटाने टिचकी मारली आणि निकाल दिला.

“मॅडम, त्या दिव्याचं लई मनावर घेऊ नका. शेन्सर गेलाय. दोन तारा कापून मधी धा केचा रजिस्टर मारतो. परत जल्मात वाजायचा नाय.” रजिस्टर म्हणजे रेझिस्टर, टाकीत पाणी आहेच असं गाडीला कायम भासवणारा तुकडा.

“आणि खरंच पाणी कमी झालं तर?”

“काटा हाय की.”

इथे मी अडले. मिस्त्री हुशार माणूस आहेत, त्यांच्या हातावर माझा भरवसा आहे, पण ‘काटा हाय की’ हे मला पटेना. काटा दाखवतो ते इंजिनातल्या पाण्यात बुडालेल्या सेन्सरचं तापमान. पाइप फुटून पाणीच निघून गेलं तर सेन्सर हवेत लटकतो, आणि काटा खुशाल मधोमध बसून राहू शकतो, कधी कधी तर खालीही येतो. तोवर वर सिलिंडरच्या हेडचं जे व्हायचं ते होऊन जातं. पातळीचा दिवा त्याच्या आधी ओरडावा म्हणूनच तिथे दिलाय. त्याच्या तोंडात बोळा कोंबायचा म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्याला बांधून आपण गावाला जायचं. रजिस्टर नको म्हटलं आणि घरी आले.

रविवारी सकाळी अण्णांनी अंगणात खुर्ची टाकली. वय ८१, गाडी चालवणं तीन वर्षांपूर्वी थांबलं, पण देखरेख थांबलेली नाही. “अगं, टाकीच नवी घालून टाक. कितीशी असेल?” चौकशी केली होती मी. सेन्सर वेगळा मिळत नाही, टाकीतच बसवलेला येतो. बाहेरच्या मेकची टाकी दोन हजाराच्या आत-बाहेर. पैशाचं नव्हतं, पण टाकी बदलून दिवा नाही विझला तर? आधी दोष कुठे आहे ते तर कळू दे.

आधी पाणी खरंच कुठे जात नाही ना ते बघितलं. हे मी आठवडाभर करत होते. रोज सकाळी गाडी थंड आणि सपाट जागी असताना टाकीवर मार्करने बारीक रेघ. सात दिवसांत रेघ हलली नाही. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय नाही, गाडीखाली डाग नाही, हीटर लावला तर गोडसर वास नाही. म्हणजे पाणी जागेवर आहे आणि दिवाच खोटं बोलतोय.

मग टाकीच्या बुडाशी असलेलं दोन तारांचं सॉकेट काढलं. बाजूची चिमटी दाबून ओढायचं, आणि सोळा वर्षांचं प्लास्टिक चण्याच्या टरफलासारखं कडकडतं, तेव्हा हळूच. सॉकेटच्या दोन टोकांमधे केसांचा आकडा वाकवून घातला आणि अण्णांना किल्ली फिरवायला सांगितली. त्यांना काम मिळालं म्हणून ते खूश. “विझला!” आकडा काढला, किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. “लागला!”

किल्ली बंद-चालू करणं महत्त्वाचं. माझ्या गाडीत दिवा एकदा लागला की किल्ली बंद करेपर्यंत हटत नाही. ते न कळल्यामुळे पहिल्यांदा मी अर्धा तास आकडा आत-बाहेर करत बसले होते.

या आकड्याच्या परीक्षेचा अर्थ एवढाच, की तारा ठीक, मीटर ठीक, दोष टाकीत. दोन टोकं जोडली की गाडीला वाटतं पाणी आहे, सुटी असली की वाटतं पाणी नाही. म्हणजे टाकीच्या आत पाणीच ती दोन टोकं जोडत असणार.

एवढ्यावर माझी ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली. मी बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते, हे इथे नाइलाजाने सांगते.

मल्टीमीटर आणला, साडेतीनशेचा. टाकीच्या दोन पिनांना लावला. चाळीस किलोओहम. मग साठ. मग नव्वद. आकडा चढतच चालला, थांबेना. वाटलं मीटर फडतूस निघाला. वायरी उलट्या लावल्या, तर धाडकन खाली आला आणि पुन्हा चढायला लागला. तेव्हा मी बॉनेटवर हात टेकून हसायला लागले. अण्णा म्हणाले, “काय झालं?” काय सांगणार? दरवर्षी बारावीला ओरडून सांगते, द्रावणाचा रोध मोजताना डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) वापरायचा नाही, इलेक्ट्रोडवर आयन गोळा होतात, रीडिंग सरकतं, म्हणून रोध मोजायच्या ब्रिजला एसी (दिशा बदलत राहणारा प्रवाह) लावायचा. परीक्षेत एक मार्काला येतं. आणि माझ्या हातात नऊ व्होल्टच्या सेलवर चालणारा डीसी मीटर.

तर टाकीच्या तळाशी बाकी काही नाही, दोन धातूच्या काड्या आहेत. बीकरमधे दोन कार्बन कांड्या, एक बॅटरी, एक बल्ब. डिस्टिल्ड वॉटरमधे बल्ब लागत नाही, चिमूटभर मीठ टाकलं की लागतो. शाळेतच पोरं तो प्रयोग बघून आलेली असतात. तोच प्रयोग गेली सोळा वर्षं माझ्या बॉनेटखाली अखंड चालू होता, फक्त बल्ब उलटा जोडलेला. पाण्यातून वीज वाहिली नाही की लागतो.

मग वीज का जात नाही? दोनच कारणं. एक तर पाण्यात वीज वाहून नेणारे आयन कमी, नाहीतर काड्यांवर काहीतरी बसलंय. दोन वर्षांपूर्वी प्रवासात कूलंटचा एक होज पाइप बदलावा लागला होता, तेव्हा एका ठिकाणी बोअरचं पाणी भरून दिलं होतं. पोचायचं होतं, मीही काही बोलले नाही. पुढे कूलंट घालू म्हटलं आणि ‘पुढे’ राहून गेलं. आमच्या घरी नळाला कास तलावाचं मऊ पाणी, त्यात साबणाचा फेस नको म्हटलं तरी होतो. बोअरच्या पाण्याच्या बादलीला मात्र आतून पांढरं कडं बसतं, ते तुमच्याही घरात असेल. नव्वद अंशाला रोज उकळीच्या जवळ नेलेलं असं पाणी दोन वर्षं काड्यांभोवती फिरलं, तर काड्यांवर काय बसणार?

टाकी काढणं सोपं निघालं. दोन स्क्रू, दोन पाइप, एक सॉकेट. खाली धरायला अण्णांचं जुनं घमेलं. निघालेलं पाणी कूलंट म्हणायच्या लायकीचं नव्हतंच, फिकट गेरूच्या पाण्यासारखं. (ते गटारात ओतू नका. त्यात थोडं तरी एथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि विषारी, कुत्री-मांजरं चाटतात. मी कॅनमधे भरून गॅरेजात दिलं.)

टाकीच्या आत बघणं मात्र अवघड. तोंड अरुंद, आत प्लास्टिकचे पडदे, ब्रश वळत नाही. टॉर्चच्या उजेडात काड्यांची टोकं दिसली, तपकिरी, खडबडीत, लोणच्याच्या बरणीत वर्षभर राहिलेल्या चमच्यासारखी. कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून टाकी भरून ठेवली. क्षार असेल तर बुडबुडे येणार, आणि आले. तासाभराने पाणी ओतलं तर गढूळ. पण काड्यांवरचा चिकट थर तसाच.

इथे आईची आठवण झाली. थर्मासमधे हात जात नाही, तर ती मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून बूच लावून खळाखळा हलवायची. तेच केलं. फक्त एक अक्कल वापरली. दाणे मोजून घातले. रेडिएटरमधे भात शिजवायचा नव्हता. नेमके पन्नास दाणे, उकडा तांदूळ, तो लवकर फुटत नाही. टाकी कडेवर घेऊन पाच मिनिटं हलवली, भोकांना अंगठे लावून. समोरच्या काकू गॅलरीत येऊन बघून गेल्या.

ओतून मोजले. एकोणपन्नास.

पुन्हा मोजले. एकोणपन्नास. पाण्याचा पाइप लावून टाकी धुतली, उलटी केली, आपटली. अण्णांनीही चष्मा लावून मोजले, ते सत्तेचाळीस म्हणाले, तो वेगळाच घोळ. तो एक दाणा शोधण्यात सव्वा तास गेला. अख्ख्या कामात सगळ्यात जास्त वेळ यालाच लागला. शेवटी वरच्या बारीक नळीच्या तोंडात आडवा अडकलेला सापडला. त्या नळीतून इंजिनातली हवा टाकीत परत येते. तिथे तो राहिला असता आणि पुढे पाण्यात फुगला असता, तर दिव्याचं दुखणं गेलं असतं आणि हवा अडकायचं नवं लागलं असतं. त्यामुळे हा तांदळाचा उपाय मी कुणाला करा म्हणून सांगत नाही. केलाच तर मोजा.

काड्या मात्र चकचकीत झाल्या. टाकी स्टुलावर ठेवली, सॉकेटची वायर तिथवर पोचत होती. पाइपांच्या भोकांना चिंध्या कोंबल्या आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मॅक्सपर्यंत ओतलं. “अण्णा, किल्ली.”

“लागला!”

माझं तोंड उतरलं. पुन्हा किल्ली. “लागलाच आहे!” एवढं करून सेन्सर मेलेलाच. मी मोबाइल काढून टाकीची ऑर्डरही अर्धी भरली होती. पत्ता टाकताना हात थांबला. स्टुलावर पांढरा कॅन, त्यावर लिहिलेलं, डिस्टिल्ड वॉटर. समोर दोन काड्या. अगं बाई.

स्वयंपाकघरात गेले, मिठाच्या बरणीतून चिमूट घेऊन आले, टाकीत टाकली, लाकडी उलथन्याने ढवळली. हे करताना मला अगदी वर्गात उभी असल्यासारखं वाटलं. समोर पोरं नव्हती, एक म्हातारा बाप किल्लीला हात लावून बसला होता, एवढाच फरक.

“किल्ली.”

थोडा वेळ शांतता. “विझला की गं!”

मीठ फक्त टाकी बाहेर होती म्हणून. खारं पाणी इंजिनात गेलं तर अल्युमिनियम कुरतडून टाकेल, तेव्हा नंतर टाकी चार वेळा धुतली. पण निकाल लागला. काड्या जिवंत आहेत, त्यांना फक्त वीज नेणारं पाणी हवंय. नुसतं शुद्ध पाणी त्यांच्या लेखी पाणीच नाही. चांगल्या कूलंटमधे गंजरोधक क्षार असतात, तेच ही वीज नेतात.

म्हणजे नुसतं पाणी दोन्हीकडून नडलं असतं. बोअरचं घातलं तर थर बसतो, आणि शहाणपणा करून नुसतं डिस्टिल्ड भरत गेलं तर दिवा लागतो. लोक दिवा लागला की डिस्टिल्ड टाकतात. मीही मागच्या महिन्यात दोनदा टाकलं होतं. टाकीत जे काही उरलंसुरलं कूलंट होतं ते आणखी पातळ करत होते.

पुढचं काम सरळ होतं, ते मिस्त्रींकडे केलं. जुनं पाणी काढून, साध्या पाण्याने दोनदा खळबळून, मग गुलाबी कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड निम्मं-निम्मं. हे मिश्रण उघड्यावरही साधारण १०७ अंशांना उकळतं, टोपणाच्या दाबाखाली त्याच्याही बरंच वर. रंग बघून दुसऱ्या जातीचं कूलंट त्यात मिसळू नये, डब्यावरचा दर्जा गाडीच्या पुस्तकाशी जुळवावा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू दिलं, हवा निघाली तशी पातळी उतरली, पुन्हा भरली. मिस्त्रींनी सॉकेटच्या टोकांवरचा हिरवा गंजही खरवडून काढला, जो मला दिसला नव्हता. मीठवाली गोष्ट सांगितली तेव्हा त्यांच्या हाताखालचं पोरगं हसलं. माझाच विद्यार्थी निघाला, दोन वर्षांपूर्वीचा. “मॅडम, तो प्रॅक्टिकल आमचा राहिला होता.”

तुमच्या गाडीत काड्याच असतील असं नाही. काही गाड्यांत टाकीत चुंबक बसवलेला तरंगता गोळा असतो आणि खाली काचेच्या नळीतला रीड स्विच, म्हणजे चुंबकाने चालू-बंद होणारं बटण. त्यात गोळ्यात पाणी शिरून तो बुडाला की दिवा लागतो, आणि तिथे आकड्याची परीक्षा उलटीही लागू शकते. सॉकेट काढल्यावर दिवा विझला तर घाबरू नका, सर्किट उलटं आहे एवढंच. आधी टाकीखाली बघा, दोन पिना थेट प्लास्टिकमधून आत गेल्यात का सेन्सर फिरवून निघतोय.

डिसेंबर, जानेवारी दिवा गप्प होता. महाबळेश्वरला गेलो, परत आलो, गप्प. फेब्रुवारीत एका सकाळी गेटमधून गाडी बाहेर काढली आणि टिंग टिंग टिंग. माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला ते लिहीत नाही. अण्णा खिडकीतून म्हणाले, “मीठ आणू?”

उतरून बॉनेट उघडलं. मनात म्हणत होते, पुन्हा काड्या. टॉर्च मागून धरला. पातळी मिनच्या खाली, चांगली बोटभर.

वाकून बघितलं तर बेल्टच्या कव्हरखाली गुलाबी पापुद्रा वाळलेला, देवीला वाहिलेलं कुंकू ओलं होऊन सुकतं तसा. वॉटर पंप पाझरत होता. या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, म्हणजे पंप, बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर सगळं एकदमच बदलायचं. गाडी चालवली नाही, मिस्त्रींनाच बोलावलं. ते आले, खाली वाकले, बोटाने पापुद्रा खरवडून बघितला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

“रजिस्टर मारला नाय ते बरं,” एवढंच म्हणाले, आणि टो करायला माणूस बोलवायला फोन लावला.

बिल साडेचौदा हजार झालं. ते घरातल्या शहाण्या तटाला मी अजून सांगितलेलं नाही.